बस स्टँडपर्यंतचं रामटेक

ताईचा फोन आला तेव्हा मी नुकतंच ऑफिसातून येऊन भरताचं वांगं गॅसवर ठेवलं होतं. तिनं हॅलो-बिलो काही नाही, डायरेक्ट सांगितलं की तिकिटं झालीत, पंचवीसला सकाळी नागपूर, एकतीसला रात्रीची गाडी, मधले दिवस सगळे तुझे. "आणि ऐक, या वेळी घरात बसून नुसत्या गप्पा नाही हां, पोरांना विदर्भ दाखवायचाय." मागून भाऊजींचा आवाज आला, "लिस्ट टाकलीय ग्रुपवर, बघायला सांग."

लिस्ट बघत बसले आणि वांगं करपलं.

ताडोबा, पेंच, नागझिरा, चिखलदरा, लोणार, सेवाग्राम, आनंदवन, रामटेक, पचमढी आणि सगळ्यात खाली, 'जमल्यास हेमलकसा'. सहा दिवसांत! आता लोणार आमच्या पश्चिमेला, हेमलकसा पार दक्षिणेला भामरागडकडं, दोन्हीकडं तीनशेच्या आसपास किलोमीटर, आणि पचमढी तर वर मध्य प्रदेशात, छिंदवाडा ओलांडून सातपुड्यात. पण पुण्यातून बघितलं की हे सगळं 'नागपूरच्या जवळ' असतं. भाऊजींचाही दोष नाही म्हणा, त्यांच्याकडं चार तास गाडी चालवली की घाट लागतो, घाट उतरला की समुद्र लागतो. आमच्याकडं चार तास गाडी चालवली की दोन्ही बाजूला कपाशी आणि तूर, आणि मग अजून कपाशी आणि अजून तूर. (मला ते आवडतं, पण तो विषय वेगळा.)

भाऊजी आयटीतले, त्यामुळं लिस्टसोबत एक्सेल शीटपण होती. प्रत्येक जागेपुढं किलोमीटर, मॅपवरचे तास, 'पाहण्यास लागणारा वेळ', शेवटी टोटल. मी सगळे आकडे तपासले, एकही चुकीचा नव्हता. प्रत्येक ओळ खरी आणि अख्खी शीट खोटी, असं काहीतरी वाटत होतं, पण चूक नेमकी कुठं आहे ते सापडेना. म्हणून मी जेवताना ती शीट बाबांना वाचून दाखवली.

बाबा म्हणजे चौतीस वर्षं एसटीत चालक. आता वय सत्त्याहत्तर, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा काढायचा आहे, गाडी चालवणं बंद करूनही बरीच वर्षं झाली. पण कुणी कुठं जायचं म्हटलं की त्यांच्या डोक्यात अख्खा रस्ता सुरू होतो, गतिरोधकांसकट. त्यांनी भाताचा घास तसाच हातात धरून सगळं ऐकलं, नंतर म्हणाले, "याच्यात दिवस कुठी बुडते थे नाई लिवलं."

"म्हणजे?"

"साडेपाचले दिवस बुडते आपल्याकडं. पुण्यात थोडी बुडते साडेपाचले."

हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. मी दोन्हीकडचे सूर्यास्त बघितले, खरंच डिसेंबरच्या शेवटी नागपुरात सूर्य पाच चाळीसच्या आसपास मावळतो आणि पुण्यात सहा वाजून गेल्यावर. नागपूर पुण्याच्या पाच अंश पूर्वेला आहे, अंशाला चार मिनिटं म्हणजे वीस मिनिटं तिथंच गेली, वरून आपण उत्तरेला असल्यामुळं हिवाळ्यात दिवस आणखी जरासा लहान. जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक, एकाच राज्यात, एकाच घड्याळात. सकाळी थोडं लवकर उजाडतं हे खरं, पण सुट्टीवर आलेल्या माणसांच्या घरात सकाळचं ऊन काय कामाचं? सात जणांच्या अंघोळी, एक गिझर.

बाबांचं म्हणणं असं की हिवाळ्यात रात्रीची गाडी चालवायची नाही म्हणजे नाही. कारण डिसेंबर म्हणजे कापसाचा सीझन, जिनिंगकडं जाणाऱ्या कापसाच्या गाड्या दोन्ही बाजूंनी फुगलेल्या, त्यांच्या मागं लाइट नाही, ट्रॅक्टरला एकच दिवा, तो पण मधोमध, समोरच्याला वाटतं मोटरसायकल येऊन राहिली. त्यात रोही आडवं येतं (नीलगाय म्हणा तुम्ही, आमच्याकडं रोही), रानडुकरं येतात, आणि नदीकाठाला धुकं. हे सगळं त्यांनी ज्या सावकाशीनं सांगितलं त्यावरून कळलं की यातली प्रत्येक गोष्ट त्यांना कधी ना कधी दिसलेली आहे, बंपरच्या दोन हात अलीकडं.

मग ते उठून आतून वही घेऊन आले. दोनशे पानी, मागच्या बाजूनं दुधाचा हिशोब, पुढून कोरी. म्हणाले, "लिव." मी जागेचं नाव लिहायला गेले तर म्हणे, "जागा मंग टाक वं. आधी दोन रकाने पाड. निघनार, अन् परत." परतच्या रकान्यात सहाही दिवशी त्यांनी मला सहा वाजता असं लिहायला लावलं. निघणारमध्ये आठ. (मी सात म्हणाले, तर ते ताईच्या नावानं हसले.) म्हणजे हातात दहा तास. त्यातला एक तास जेवण, एक तास चहा-लघवी-'मावशी मला उलटी येतेय', राहिले आठ, त्यातले अर्धे चाकांवर आणि अर्धे पायांवर, म्हणजे एका बाजूला जास्तीत जास्त दोन तास. सिंगल रस्ते, मधे गावं, मधे गुरं. "एका अंगाले पंच्याहत्तर. त्याच्या पुढं गेलं की फकस्त गाडीत बसनं होते."

मी नागपूरच्या झीरो माईलवर कंपास टेकवून पंचाहत्तर किलोमीटरचं वर्तुळ काढलं (मनातल्या मनात) आणि बघितलं तर त्यात वाटलं होतं त्यापेक्षा बरंच काही बसत होतं. ईशान्येला रामटेक, उत्तरेला पेंचचं सिल्लारी गेट, पूर्वेला वैनगंगेवरचं आंभोरा, आग्नेयेला उमरेड-कऱ्हांडल्याचं जंगल, नैर्ऋत्येला पवनार आणि थोडं ताणलं की सेवाग्राम, पश्चिमेला काटोलच्या संत्र्याच्या बागा, वायव्येला धापेवाड्याचा विठोबा आणि अदाशाचा गणपती. आणि रोज रात्री आपल्याच गादीवर. आमच्या लहानपणी याला कुणी ट्रिप म्हणालं नसतं. ट्रिप म्हणजे मुक्काम, होल्डॉल, सकाळी अनोळखी बाथरूम.

ही वर्तुळाची थिअरी मी ग्रुपवर टाकली आणि युद्ध सुरू झालं.

पहिला मुद्दा ताडोबा. पोरांनी वर्गात सांगून ठेवलं होतं की वाघ बघायला चाललोय. मी समजावलं की नाताळच्या आठवड्याचं कोअरचं ऑनलाइन बुकिंग केव्हाच फुल्ल होतं, मंगळवारी बंद असतं, आणि नागपूरकरांना जवळ पडणारं कोलारा गेट घ्यायचं म्हटलं तरी उमरेड-भिसी-चिमूर करत शंभराच्या वर किलोमीटर, सकाळची सफारी सहाच्या सुमाराची, म्हणजे रात्री तीनला उठा, आणि मग उघड्या जिप्सीत डिसेंबरचा वारा तोंडावर घ्या. भाऊजी म्हणाले, नागपूरला कसली आलीय थंडी. हे वाक्य मी दर वर्षी ऐकते. नागपूर म्हणजे मे महिना, एवढंच बाकी महाराष्ट्राला माहीत असतं. २०१८ च्या डिसेंबरात २९ तारखेला इथं साडेतीन अंश होतं, साडेतीन, आमच्या शेजारच्या काकांनी त्या दिवशी तुळशीवर घोंगडी टाकली होती. मी फक्त एवढंच लिहिलं की स्वेटर आणा, आणि ताईनं अंगठा पाठवला, आणि आणले नाहीत. ते पुढं येईलच.

ताडोब्याऐवजी कऱ्हांडला ठरलं, दुपारची सफारी. भाच्याला जय वाघाची गोष्ट फोनवर सांगितली, नागझिऱ्याहून चालत इकडं आलेला, बघायला लोक देशभरातून यायचे, गळ्यात रेडिओ कॉलर असूनही २०१६ मध्ये गायब झाला तो झालाच. ते ऐकून तो म्हणे, मावशी मग आपण जयला शोधू. बरं. शोधू.

दुसरा मुद्दा चिखलदरा. इथं ताई अडून बसली, कारण लग्नाआधी आम्ही दोघी आईसोबत तिथं गेलो होतो आणि तिच्या डोक्यात तो भीमकुंड, तो गाविलगड, ती रबडी. मलाही हवं होतं खरं तर. पण अमरावती, परतवाडा, वर घाट, सव्वादोनशे किलोमीटर एका अंगाला, बाबांच्या वहीत ते बसेना. "जा न," बाबा म्हणाले, "मुक्कामानं जा. मी घरी राहतो." त्यावर ताई गप्प झाली. कारण सगळ्यांनाच माहीत होतं की बाबांना दोन दिवस एकटं ठेवून जायचं नाही आणि अनोळखी ठिकाणी त्यांना रात्री झोप येत नाही. गंमत बघा, ज्या माणसानं अर्धं आयुष्य मुक्कामी गाडीवर काढलं, कुठल्या कुठल्या गावात शाळेच्या ओट्यावर नाहीतर एसटीच्या टपावर सतरंजी टाकून, त्याला आता स्वतःची उशी लागते. किंवा त्यामुळंच लागत असेल.

लोणार, हेमलकसा, पचमढी हे आपोआप गळलं. आनंदवनाचं मला वाईट वाटलं, १९४९ साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ खडकाळ जमिनीवर सुरू केलेलं ते गाव पोरांनी बघायला हवं होतं, पण ते शंभराच्या आसपास पडतं. पुढच्या वेळी.

तिसरा मुद्दा गाडी. आमच्या जुन्या वॅगनआरमध्ये सात जण म्हणजे भाचीला डिकीत ठेवावं लागलं असतं, म्हणून भाड्याची सात सीटर. इथं दोन हिशोब असतात, बाहेरगावचा म्हटला की दिवसाला तीनशे किलोमीटर मिनिमम लावतात, तुम्ही शंभर फिरा की दोनशे, पैसे तीनशेचे, आणि लोकल म्हटला की आठ तास ऐंशी किलोमीटर, त्याच्या वर तासाचे वेगळे, किलोमीटरचे वेगळे. रामटेक जाऊन येऊन शंभर-सव्वाशे होतात, म्हणजे आपण मधोमध लटकलेलो. मी तीन ठिकाणी फोन करून घासाघीस केली आणि शेवटी गल्लीतल्याच एका ओळखीच्या पोट्ट्याची गाडी ठरली, चालवणार तोच, रोजचा ठरलेला रेट, डिझेल आपलं, टोल आपला. बाबांनी एकच अट टाकली. "ड्रायव्हर आपल्या संग जेवीन. येगळा नाई बसनार. अन् जिथी आपन पाहाले जाऊ तिथी त्याले बी नेजा."

मी म्हटलं हो हो, नेऊ, त्यात काय. तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ कळला नव्हता.

कळला तो दोन दिवसांनी. वहीत जागा भरत होते. रामटेक मी एकतीस तारखेला टाकलं होतं, अर्धा दिवस, गाडी रात्रीची आहे तर उगाच घरात बसण्यापेक्षा सकाळी टाकून येऊ या हिशोबानं. नागपूरकरांचं रामटेकशी हेच असतं, पन्नास किलोमीटर, रामटेक काय, कधीही होतं. मी बाबांना विचारलं, तिथं काय काय क्रमानं करायचं, आधी गड की आधी खिंडसीचं तळं?

ते सुरू झाले. कामठी, कन्हानचा पूल, मनसरला उजवीकडं, आधी तिथं मँगनीजचे ट्रक उभे राहत, मग रामटेकचं स्टँड. स्टँडवर पाण्याचा नळ कुठं होता, दुपारी सावली कुठल्या बाजूला पडायची, कँटीनचा आलुबोंडा किती वाजता ताजा यायचा, त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला जादा गाड्या लागायच्या तेव्हा गाडी लावायला जागा नसायची, कंट्रोलर खिडकीशी येऊन ओरडायचा की भरली की काढ, भरली की काढ, एका दिवसात चार-चार फेऱ्या. मी सगळं ऐकत होते आणि वही तशीच कोरी.

"हो पण बाबा, वर? गडावर किती वेळ लागतो?"

"वरतं मले का माहीत."

मला वाटलं विसरले. म्हटलं, अहो गडमंदिर, रामाचं.

"नाई न वं. मी वरतं कधी गेलो? गाडी सोडून जाता येते का?"

चौतीस वर्षं. किती वेळा गेले असतील रामटेकला, हजारदा तरी. आणि सेवाग्रामला अंगणापर्यंत, कारण तिथं सपाट आहे आणि गाडी समोर दिसते. चिखलदऱ्याला स्टँडपर्यंत. पचमढीला लग्नाचं बुकिंग घेऊन गेले होते एकदा, तिथं 'थंडी लई होती' एवढंच आठवतं, कारण ते रात्रभर गाडीतच होते. विदर्भात जिथं जिथं लोक बघायला जातात तिथं तिथं त्यांनी लोकांना नेऊन सोडलं आणि परत आणलं, मधले दोन-तीन तास टायर बघितले, काचा पुसल्या, सीटवर आडवे झाले.

"तुयी माय जाये," ते म्हणाले. ते मलाही आठवलं. एसटीवाल्यांच्या घरच्यांना पास मिळायचा, त्या पासवर आई आम्हा दोघींना घेऊन बाबांच्याच गाडीत बसून रामटेकला यायची, आम्ही तिघी वर चढायचो, माकडांपासून नारळ लपवत, आणि खाली आलो की बाबा गाडीच्या पायरीवर बसलेले असायचे, आई त्यांच्या हातावर प्रसाद ठेवायची. मला ते नेहमी असंच असतं असं वाटायचं, बाबा म्हणजे खाली आणि आपण म्हणजे वर. "थे पाहून ये, अन् रातच्याले सांगे मले. वराह कसा हाय, तलाव कसा दिसते. मले पुरे होये."

आईला जाऊन चार वर्षं झाली.

मी रामटेक एकतीस वरून काढलं आणि तीसला टाकलं. पूर्ण दिवस. पुढं दुसरं काही लिहिलं नाही.

मग ते आले, आणि बाकीचे दिवस जसे जातात तसे गेले. पहिल्याच सकाळी भाऊजी माझ्या नवऱ्याचं जर्किन घालून दात वाजवत तर्री पोहे खात होते आणि म्हणत होते, नाही पण ही थंडी कोरडी आहे, ही वेगळी आहे. मी काही बोलले नाही. सेवाग्रामला पोरं कंटाळतील असं वाटलं होतं, पण बापूकुटीत साप धरायचा लाकडी चिमटा बघितला आणि ती तिथंच खिळली, साप मारायचा नाही, चिमट्यात धरायचा आणि लांब नेऊन सोडायचा, भाचीला गांधीजींबद्दल आयुष्यभर आता हेच आठवणार. पवनारला धाम नदीत पाय सोडून बसलो, वर्ध्यात गोरसपाक घेतला, सहाच्या ठोक्याला घरी. काटोलच्या बाजूला आत्याच्या शेतात गेलो त्या दिवशी बघितलं काहीच नाही, गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले, बाहेरून राख झटकून फोडायचे आणि मधे तूप ओतायचं, सोबत वांग्याची भाजी, त्यानंतर कुणाला उठताच आलं नाही. ताई म्हणे हा दिवस वाया गेला, आणि पुण्याला गेल्यावर सगळ्यात जास्त फोटो तिनं याच दिवसाचे टाकले. कऱ्हांडल्याला जय सापडला नाही, दुसराही कुठला वाघ सापडला नाही, चितळं, रोही आणि मोरांचं एक टोळकं. एक दिवस भाचीला ताप, तो घरीच गेला. पेंचचं राहिलं. ते जंगल २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालंय, भाच्याला तारे बघायचे होते, पण तारे रात्री दिसतात आणि बाबांच्या वहीत रात्रच नव्हती.

आंभोऱ्याचं मात्र जरा सांगायला हवं. कुहीकडनं निघालो तर रस्त्याच्या कडेनं मिरचीचे सातरे, मोकळ्या जागेत लालभडक ढीग आणि बायका रांगेत बसून देठ तोडताहेत, पोट्ट्यानं काच उघडली आणि सातही जण एकदम खोकायला लागलो, बाबा सोडून. पुढं वेलतूर. इथं बाबांची मुक्कामी गाडी असायची. ते एकदम पुढं वाकून बसले, हे घर नव्हतं, ते दुकान होतं, इथं पारावर झोपायचो. आणि मग म्हणाले, "आता रस्ता सपते." त्यांच्यासाठी रस्ता तिथं नदीशी संपायचा, पलीकडं भंडारा जिल्हा, जायचं तर डोंग्यानं. पण रस्ता संपलाच नाही, समोर वैनगंगेचं एवढं मोठं पाणी, गोसेखुर्द धरणाचं मागं आलेलं, आणि त्यावर तारांनी ताणलेला नवा पूल, २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला, मधल्या उंच खांबावर बघायची गॅलरी. गाडी पुलावरून पलीकडं गेली, भंडारा जिल्ह्यात, वळली आणि परत आली. बाबांनी पोट्ट्याला सांगितलं, "अजून एक डाव." परत पलीकडं, परत अलीकडं. ते चैतन्येश्वराच्या देवळात आले नाहीत, तो पूलच बघत बसले.

तीस तारखेला रामटेक.

मी आधी काही बोलले नव्हते, ताईलाही नाही. रस्ता आता वरपर्यंत जातो, गाडी जवळपास गडाशीच लागते, मग थोड्या पायऱ्या. गाडी थांबली, सगळे उतरले, पोरं माकडांच्या मागं, भाऊजी मोबाइलवर वाकाटकांबद्दल वाचून दाखवायला लागले की इथं जवळच नगरधन, तेव्हाचं नंदिवर्धन, ती त्यांची राजधानी, गुप्त घराण्यातल्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता इथं सून म्हणून आलेली, आणि डोंगरावर केवल नरसिंहाच्या देवळात त्यांच्या काळचा शिलालेख आहे. सगळं बरोबर होतं आणि मी ऐकत नव्हते. कारण बाबा उतरून गाडीच्या पुढच्या चाकाशी उभे होते. चाकाला पायानं हलकं टोचलं, बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "जा तुमी. मी थांबतो गाडीपाशी."

पोट्टा म्हणाला, "काका, मी थांबतो न. तुमी जा."

"नाई बे, तू जा. तू पाह्यलं का कधी?"

"नाई."

"मंग?"

दोघंही हलेनात. मी मधे पडणार होते पण ताईनं माझा हात धरला, म्हणजे तिला कळलं होतं, मी सांगितलं नव्हतं तरी. शेवटी पोट्ट्यानं गाडी लॉक केली, चावी बाबांच्या हातात दिली आणि म्हणाला, "चावी तुमच्यापाशी हाय, आता गाडी कुठी जाते?" यावर बाबांकडं उत्तर नव्हतं. त्यांनी चावी शर्टाच्या वरच्या खिशात टाकली, बटण लावलं, आणि निघाले.

पायऱ्यांवर तीनदा बसले. पोट्टा बरोबर बसला. वराहाच्या मूर्तीपाशी लोक पोटाखालून सरपटत जातात, भाचा गेला, पोट्टा अर्ध्यात अडकला आणि सगळे हसले, बाबा मात्र मूर्तीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले बराच वेळ. मला म्हणाले, "थे मनत होती याहून मोठा हाय." मी म्हटलं तिनं तुम्हाला थोडं वाढवून सांगितलं असेल. "सांगेच थे वाढवून."

देवळं झाली, लक्ष्मणाचं आधी, मग रामाचं. मागं तटाशी गेलो. इथूनच कालिदासाच्या यक्षानं ढगाला निरोप दिला असं आम्हाला शाळेत सांगायचे, रामगिरी तो हाच म्हणून, आता डिसेंबरात ढग कुठले, नुसतं निळं, खाली अंबाळ्याचं तळं आणि त्याच्या काठची देवळं, दूर खिंडसीचं पाणी, आणि गावाची कौलं, पत्रे, टाक्या. सगळे फोटो काढत होते. बाबा भिंतीला धरून दुसरीकडंच बघत होते, डोळे बारीक करून, एका चांगल्या डोळ्यानं. मी विचारलं काय बघता.

"स्टँड कुठी हाय थे पाहून राहिलो."

भाच्यानं शोधून दिलं. झाडांच्या मधे थोडी मोकळी जागा, त्यात एक लाल ठिपका. बाबांनी मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ बघितलं. "नागपूरची असन. लेट काढून राहिला." ठिपका हलला, वळला, गावातून बाहेर पडून मनसरच्या रस्त्याला लागला, आणि झाडीत जाईपर्यंत ते त्याच्याकडं बघत राहिले, मधेच उजवा पाय जरासा दाबल्यासारखा केला, वळणावर.

पाच वाजून गेले होते. ऊन पिवळं झालं, मग तांबूस. पोट्टा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, निघायचं का? काकांनी सहाची अट टाकली होती." मी त्याला म्हटलं तूच विचार. त्यानं विचारलं, "काका, दिवस बुडते आता. जायचं न?"

"थांब न बे," बाबा म्हणाले.

वहीत तीस तारखेपुढं मी परतच्या रकान्यात लिहिलेले सहा खोडलेले आहेत, शेजारी त्यांच्या अक्षरात पावणेआठ.